खोलीत नसलेल्या माणसाबद्दल

नागपूरच्या मेडिकलमध्ये सर्जरी शिकणारा पोरगा पहिल्यांदा हातात चाकू धरतो, तेव्हा त्याच्या खांद्याशी वरिष्ठ उभे असतात. डोक्यावर लख्ख दिवा, समोर उघडं पोट, आणि हात जरा वाकडा वळला की तिथल्या तिथे मनगट धरलं जातं. शिकाऊ थेरपिस्टच्या नशिबी हे नाही. ती पेशंटला आत घेते आणि दार लावते. आत दोन माणसं, दोन खुर्च्या, पाऊण तास. बाहेरच्याला काही दिसू नये, ऐकू जाऊ नये, अशीच सगळी मांडणी. आणि ते बरोबरच आहे. नवऱ्याने फवारणीचं औषध घेतलं त्या रात्री घरात काय झालं, हे चारचौघांसमोर कोणी सांगत नाही.

मग ती बरोबर करतेय की चुकतेय, हे कळणार कोणाला? मनगट धरायला कोणी नसताना ती शिकणार तरी कशी?

या पेचावर गेल्या शंभर वर्षांत जी युक्ती निघाली, ती ऐकायला अगदी साधी आहे. पेशंट घरी गेल्यावर थेरपिस्ट दुसऱ्या एका खोलीत जाते. तिथे एक अनुभवी माणूस बसलेला असतो. दोघं मिळून त्या निघून गेलेल्या माणसाबद्दल तासभर बोलतात. याला सुपरव्हिजन म्हणतात. अनेक देशांत थेरपीचा परवाना म्हणजे जवळपास याच कामाच्या तासांचा हिशेब असतो. कॅलिफोर्नियात समुपदेशनाचा स्वतंत्र परवाना हवा असेल, तर पदवीनंतरही देखरेखीखाली केलेल्या कामाचे ३००० तास भरून दाखवावे लागतात. ब्रिटनमध्ये तर गंमत याहून पुढची आहे. तिथल्या समुपदेशकांच्या मोठ्या संघटनेची मान्यता टिकवायची, तर महिन्याला किमान दीड तास सुपरव्हिजन घ्यावंच लागतं, आणि तेही काम थांबवेपर्यंत. पंचवीस वर्षं प्रॅक्टिस झालेला माणूसही महिन्यातून एकदा वही घेऊन कोणासमोर तरी बसतो.

आपल्याकडचा कायदाही या बाबतीत गप्प नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. त्याच्या दुसऱ्या कलमात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणाला म्हणायचं, ते सांगितलं आहे. त्यातल्या एका वाटेनुसार मानसशास्त्रातल्या पदव्युत्तर पदवीनंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल., आणि त्या एम.फिल.मध्ये देखरेखीखाली झालेलं प्रशिक्षण असलंच पाहिजे, अशी अट तिथे लिहिलेली आहे. व्याख्येच्या चार ओळींत कायदा करणाऱ्यांना ही गोष्ट घालावीशी वाटली, याचं मला अजून नवल वाटतं. त्या अभ्यासक्रमाचं मूळ बंगळुरूत आहे. आज जिला निमहान्स म्हणतात, त्या संस्थेने १९५५ मध्ये या विषयाची पदविका सुरू केली. पुढे तिचंच एम.फिल. झालं. नोंदणी मात्र होते भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे कृत्रिम हातपाय बसवणारे आणि वाचा-श्रवणतज्ज्ञ ज्या नोंदवहीत आहेत, त्याच नोंदवहीत. सरकारी खात्यांच्या वाटण्यांत असं होतं.

आता नागपुरात या. छिंदवाडा रोडवरचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ सालचं आहे, ९४० खाटांचं. त्याच्या समोरच्या चौकाला अख्खं शहर अजून 'पागलखाना चौक'च म्हणतं. ऑटोवाल्याला दुसरं कुठलं नाव सांगून बघा. एवढी जुनी ओळख असलेल्या शहरातही एम.ए. सायकॉलॉजी झालं, की घरचे पेढे वाटतात, 'आमची पोरगी सायकॉलॉजिस्ट झाली'. पुढची दोन वर्षं, ती दुसरी खोली आणि तिथला तो माणूस, हे कोणाच्या गावीही नसतं. शिवाय 'समुपदेशक' अशी पाटी लावायला इतकी वर्षं कुठलाच परवाना लागत नव्हता. २०२१ मध्ये आरोग्यसेवेतल्या संलग्न व्यवसायांचा कायदा आला. त्यात समुपदेशकांनाही नियमाखाली आणायचं ठरलं. त्याची अंमलबजावणी गोगलगायीच्या चालीने चालू आहे. तोवर सुपरव्हिजन घ्यायचं की नाही, हे ज्याच्या त्याच्या मनावर.

पण त्या खोलीत नेमकं होतं काय? इथे खरी गंमत सुरू होते.

सुरुवातीला पत्रांतून भागायचं. १९०८ मध्ये व्हिएन्नात पाच वर्षांच्या एका मुलाला घोड्यांची भयंकर भीती बसली. त्याच्यावर उपचार केले त्याच्याच वडिलांनी. ते संगीतसमीक्षक होते. मुलगा काय बोलला ते लिहून ते सिग्मंड फ्रॉइडना कळवायचे, फ्रॉइड उत्तर द्यायचे. उपचाराच्या काळात फ्रॉइडनी त्या मुलाला समोर बसवलं ते फक्त एकदा. १९२० मध्ये बर्लिनला मनोविश्लेषणाचा दवाखाना निघाला, आणि पुढे मॅक्स आइटिंगॉन यांनी या हौशी प्रकाराला नियमाची चौकट घातली. शिकाऊ विश्लेषकाने आपल्या केसेस ज्येष्ठापुढे नियमाने मांडल्याच पाहिजेत. आपल्याकडे त्याच सुमारास कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली. बिचाऱ्यांवर देखरेख करायला अख्ख्या देशात कोणी नव्हतं. ते फ्रॉइडना पत्रं लिहीत, वाद घालत, आणि फ्रॉइडचं जे पटत नसे ते पटत नाही म्हणून कळवत. सुपरव्हायजर हजारो मैलांवर असला, की असं धाडस जमतं, असं मला उगाच वाटतं.

या सगळ्या पद्धतीत एक भगदाड होतं. ज्येष्ठासमोर येतो तो पेशंट नव्हे, थेरपिस्टच्या आठवणीतला पेशंट. आणि आठवण किती लबाड असते, ते आपल्याला ठाऊक आहे. भांडण झाल्यावर दोन्ही बाजू ऐकणाऱ्या कुठल्याही आजीला विचारा.

हे भगदाड बुजवायला निघाले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स. १९४० च्या सुमारास ओहायो स्टेट विद्यापीठात त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी खोलीत मायक्रोफोन बसवला. त्या काळी टेप नव्हती. ७८ च्या गतीने फिरणाऱ्या तबकडीवर आवाज कोरला जायचा, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. तासाभराचं बोलणं धरून ठेवायचं, तर शेजारच्या खोलीत कोणीतरी सतत तबकड्या बदलत बसायचा. एवढा खटाटोप करून १९४२ च्या पुस्तकात त्यांनी एका पेशंटच्या आठ बैठका शब्दन् शब्द छापल्या. असा अख्खा उपचार आधी कोणी छापलाच नव्हता. पण तबकड्यांनी आणखी एक काम केलं. 'आम्ही सल्ला देत नाही, पेशंटला स्वतःची वाट शोधू देतो' असं मनापासून मानणारे विद्यार्थी स्वतःचा आवाज ऐकायला बसले आणि त्यांना ऐकू काय आलं? सल्ला. प्रश्नाच्या वेषातला सल्ला, सहानुभूतीच्या सुरातला सल्ला. खोटं कोणी बोलत नव्हतं. आपण काय करतोय, हे त्यांना करताना दिसतच नव्हतं.

म्हणजे रेकॉर्डिंग आलं आणि प्रश्न मिटला? तसं वाटलं होतं खरं. पण पुढच्या दशकात जे सापडलं, ते कुठल्याच यंत्रात पकडता येणारं नव्हतं.

समजा, एक कल्पित प्रसंग. हिंगणा भागातल्या एका दवाखान्यात चाळिशीची बाई येते. झोप नाही, जेवण जात नाही. घरावर कर्ज, मोठा मुलगा बोलत नाही. शिकाऊ थेरपिस्ट तिला बोलतं करायला बघते, पण बाई दर दोन वाक्यांनी तिथेच येऊन थांबते. "मॅडम, तुमीच सांगा आता मी काय करू? मले तं काईच सुचत नाई." थेरपिस्ट सुचवते. सकाळी थोडं चालून बघा. बाई म्हणते, गुडघे दुखतात. मुलाशी बोलून बघा. "तो आयकते कुठं." बचत गटात जा. "तिथं समद्या टोमणे मारतात." पाऊण तास संपतो. थेरपिस्ट घामाघूम, बाई आली तशी परत.

दोन दिवसांनी सुपरव्हिजन. थेरपिस्ट एरवी हुशार, अभ्यासू, बोलकी. आज ती वही मिटून बसते आणि म्हणते, "सर, तुम्हीच सांगा मी काय करू. मला काही सुचतच नाहीये." सर सुचवतात. अमुक तंत्र वापरून बघ. "ते केलं सर, चाललं नाही." मुलाला बोलावून घे. "तो येणार नाही सर." अमुक लेख वाच. "वाचलाय सर." वीस मिनिटं हे चालतं. सरांना हळूहळू चीड यायला लागते, आणि चिडीखाली काहीतरी वेगळंच, आपण अगदीच कुचकामी असल्याची भावना. सर जर अनुभवी असतील, तर इथे ते बोलायचे थांबतात. कारण ही भावना त्यांची नाही. निदान सगळी त्यांची नाही. ती हिंगण्याच्या त्या खोलीतून आली आहे. बाईने थेरपिस्टला जिथे उभं केलं, तिथेच थेरपिस्टने आता सरांना उभं केलं आहे, आणि दोघींपैकी कोणालाही याचा पत्ता नाही.

हॅरॉल्ड सर्ल्स नावाच्या अमेरिकन मनोविश्लेषकाने १९५५ मध्ये हे पहिल्यांदा नीट लिहून काढलं. गंभीर मानसिक आजाराच्या पेशंटवर काम करणाऱ्या मेरीलँडमधल्या एका खासगी रुग्णालयात ते होते. सुपरव्हिजन देताना आपल्या मनात अचानक जे उमटतं, त्याला ते अडचण मानत नसत. ती थेट पेशंटबद्दलची माहिती आहे, असं त्यांचं म्हणणं. तीन वर्षांनी रुडॉल्फ एक्स्टाइन आणि रॉबर्ट वॉलरस्टाइन यांनी सुपरव्हिजनवर अख्खं पुस्तक लिहिलं आणि ही समांतर चालणारी प्रक्रिया अभ्यासक्रमात जाऊन बसली. थेरपिस्टला जे शब्दांत सांगता येत नाही, ते ती करून दाखवते. पेशंट त्या खोलीत कधी आलेला नसतो, त्याचा आवाज सुपरव्हायजरने कधी ऐकलेला नसतो, आणि तरी त्याच्या दुखण्याचा आकार तिथल्या दोन खुर्च्यांमध्ये उमटतो.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा भानामतीसारखं वाटलं होतं. पण यात जादू काही नाही. लाचारी संसर्गजन्य असते, हे घरात आजारी माणूस असलेल्या कोणालाही माहीत असतं. नवी गोष्ट एवढीच की, कोणीतरी त्या संसर्गाला निदानाचं साधन केलं. आपल्या कल्पित प्रसंगात सरांना कळलं, की अजून एक सल्ला देऊन उपयोग नाही. ते म्हणाले, "मला आत्ता फार हतबल वाटतंय. तुला त्या बाईंसमोर असंच वाटतं का?" पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या बैठकीत तिने सल्ला दिला नाही. इतकं सगळं एकटीने ओढताना कोणाला काय सुचणार, असं काहीतरी ती म्हणाली. बाई बराच वेळ गप्प राहिली. मग कर्जाबद्दल नाही, नवऱ्याबद्दल बोलायला लागली.

मात्र सगळ्या सुपरव्हिजनमध्ये असे चमत्कार घडतात, असं कोणी समजू नये. या खोलीचीही भगदाडं आहेत, आणि पहिलं आहे लपवाछपवी. १९९६ मध्ये अमेरिकेत निकोलस लडानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०८ शिकाऊ थेरपिस्टना विचारलं, की सुपरव्हायजरपासून तुम्ही काही दडवता का. ९७ टक्क्यांहून जास्त जणांनी दडवल्याचं सांगितलं. काय दडवलं? पेशंटबद्दल काय वाटतं ते, आपल्या हातून झालेली गफलत, आणि सगळ्यात जास्त म्हणजे सुपरव्हायजरबद्दलचं स्वतःचं वाईट मत. यात नवल काही नाही. जो माणूस आपल्या परवान्याच्या कागदावर सही करणार, त्याला 'सर, तुमचं मला पटत नाही' असं कोण म्हणणार? आपल्याकडे तर सरांना आधी वाकून नमस्कार करायचा असतो. परीक्षक आणि विश्वासाचा माणूस या दोन खुर्च्या एकाच माणसाला दिल्या, की हे होणारच. सगळ्या परवाना पद्धतींचा हा कच्चा दुवा आहे, आणि माझ्या मते त्यावर पुरेसं बोललं जात नाही.

दुसरं भगदाड त्याहून मोठं, कारण ते अनुभवात आहे. आपण समजतो, वीस वर्षं प्रॅक्टिस केलेला थेरपिस्ट दोन वर्षंवाल्यापेक्षा चांगला असणार. २०१६ मध्ये अमेरिकेत सायमन गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी १७० थेरपिस्ट आणि त्यांच्या ६५९१ पेशंटची आकडेवारी तपासली. एकेका थेरपिस्टचं सरासरी पाच वर्षांच्या आसपासचं काम. वर्षं गेली तसे निकाल सुधारले का? सरासरीने किंचित घसरले. घसरण अगदी बारीक, आणि पेशंट मध्येच सोडून जाण्याचं प्रमाण मात्र कमी झालं होतं, हे सांगायला हवं. तरीही अनुभवाच्या बळावर कोणी आपोआप वर गेलं नाही. त्याच्या जोडीला २०१२ मधली स्टीव्हन वॉलफिश यांची पाहणी ठेवा. १२९ थेरपिस्टना त्यांनी स्वतःला गुण द्यायला सांगितलं. चौथ्या हिश्शाला आपण वरच्या दहा टक्क्यांत आहोत असं वाटत होतं. आणि सरासरीपेक्षा खाली आहोत, असं म्हणणारा? एकही नाही.

सर्जनचा टाका चुकला तर रक्त येतं. थेरपिस्टचा शब्द चुकला तर पेशंट हसून 'बरं वाटलं मॅडम' म्हणतो आणि पुढच्या आठवड्यात येत नाही. का आला नाही, हे कळायचा मार्गच नाही. चूक दिसली नाही, तर वीस वर्षांचा अनुभव म्हणजे तीच चूक वीस वर्षं. गोल्डबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांपैकी काहींनी कॅनडात कॅलगरीच्या एका समुपदेशन केंद्राचा सात वर्षांचा तपशील पाहिला. तिथे दर बैठकीला पेशंटकडून मोजमाप घ्यायचे, ते थेरपिस्टला दाखवायचे आणि त्यावर सुपरव्हिजनमध्ये काम करायचे. तिथले थेरपिस्ट वर्षागणिक थोडे थोडे सुधारत गेलेले दिसले. थोडेच, पण वरच्या दिशेने.

सुपरव्हिजनने पेशंटला खरोखर फायदा होतो का, याचे पुरावे अजून विरळच आहेत. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात नैराश्याच्या १२७ पेशंटवर झालेल्या प्रयोगात सुपरव्हिजन घेणाऱ्यांचे पेशंट जास्त सुधारले आणि टिकले. पण एवढ्या मोठ्या जगभरच्या व्यवस्थेसाठी असे प्रयोग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असावेत, हे शोभत नाही.

या खोलीचं आणखी एक काम आहे. पीटर हॉकिन्स आणि रॉबिन शोहेट या ब्रिटिश लेखकांनी ते सांगताना कोळसा खाणीची उपमा दिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या खाणकामगारांनी एका हक्कासाठी झगडा दिला. पाळी संपल्यावर अंगावरची काजळी धुवायची ती कंपनीच्या वेळात, घरी नेऊन नाही. ज्या शहरात वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय आहे, आणि उमरेड-चंद्रपूरच्या खाणींवरून परतलेली काळी बोटं ज्याने पाहिली आहेत, त्या नागपूरकराला ही उपमा समजावून सांगायला नको. दिवसभरात पाच जणांची दुःखं ऐकलेल्या बाईने ती कुठे धुवायची? घरी नवऱ्याला सांगायची सोय नाही, गुप्ततेचं बंधन आहे. ही खोली त्यासाठीही आहे.

आता विदर्भाचा प्रश्न. सुपरव्हिजनसाठी अनुभवी माणूस लागतो. तो आणायचा कुठून? शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागून दोन दशकं उलटली. गावात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट तर सोडाच, तालुक्याच्या गावीही सापडणं मुश्कील. या भागात एक प्रयोग झाला, ज्याबद्दल नागपुरात फारसं कोणी बोलत नाही, याचं मला वाईट वाटतं. त्याचं नाव 'विश्राम'. गोव्याच्या 'संगाथ' संस्थेने नागपूरच्या 'प्रकृती' आणि इतर साथीदारांबरोबर अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत तो राबवला, टाटा ट्रस्टच्या पैशावर. गावातल्याच कार्यकर्त्या नैराश्य ओळखायच्या आणि पहिला आधार द्यायच्या, थोडं जास्त प्रशिक्षण घेतलेले स्थानिक समुपदेशक बैठका घ्यायचे, आणि जड केस मनोविकारतज्ज्ञाकडे जायची. २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त निकाल छापून आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण आधी ४.३ टक्के होतं, दीड वर्षाच्या कामानंतर ते २७.२ टक्के झालं. जवळपास सहापट.

हे समुपदेशक काही मानसिक आरोग्याचे तज्ज्ञ नव्हते. मग त्यांच्या खांद्याशी उभं कोण राहणार? याचं उत्तर 'संगाथ'ने गोव्यात आधीच शोधून ठेवलं होतं, आणि या लेखातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तीच आहे.

गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगाथ'ने नैराश्यासाठी सहा ते आठ बैठकांचा उपचार बसवला. देणारे, मानसिक आरोग्याचं कुठलंही व्यावसायिक शिक्षण नसलेले स्थानिक लोक. सुरुवातीला तज्ज्ञांनी त्यांचं सुपरव्हिजन केलं. मग ते हळूहळू त्यांच्याच हातात दिलं. दर आठवड्याला हे समुपदेशक गोल करून बसत. कोणाच्या तरी बैठकीचं रेकॉर्डिंग लावलं जाई, तेही ज्याचं त्याने निवडलेलं नव्हे, म्हणजे आपली उत्तम बैठक दाखवायची पळवाट बंद. सगळे ऐकत. हातात गुणांचा तक्ता. पेशंटचं म्हणणं नीट ऐकून घेतलं का? घरी करायला दिलेल्या कामाची चौकशी केली का? त्याच्या आयुष्यातल्या खऱ्या अडचणीशी ते जुळवलं का? प्रत्येक जण गुण देई, मग चर्चा. त्याच रेकॉर्डिंगला तज्ज्ञही वेगळे गुण देत.

२०१४ मध्ये छापलेल्या अभ्यासात हे दोन्ही गुण शेजारी ठेवून पाहिले. या विषयाचं शिक्षण नसलेल्या सहकाऱ्यांचे गुण तज्ज्ञांच्या गुणांच्या जवळ यायला लागले होते. दुसऱ्याची बैठक ऐकून ऐकून त्यांचे कान तयार झाले होते. आणि उपचाराचा परिणाम? २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या चाचणीत तीन महिन्यांनी या उपचाराने ६४ टक्के पेशंट नैराश्यातून बाहेर आलेले दिसले. नेहमीची काळजी मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. ज्या देशात सुपरव्हायजर शोधून सापडत नाही, तिथे काही स्थानिक जणांनी मिळून एक सुपरव्हायजर तयार केला. बर्लिनमध्ये नियम करताना आइटिंगॉनना हे सुचलं नसतं.

ज्येष्ठ व्यक्तीची सही हवी म्हणून कोणी गोष्ट दडवली, हे अशा गटात कमी होत असेल, असा माझा अंदाज आहे. तिथे सगळेच सगळ्यांना गुण देतात. अर्थात शेजारीणच ऐकते आहे म्हणून लाज वाटण्याची शक्यताही तेवढीच.

आता वाचकाच्या उपयोगाचं. २०१७ च्या कायद्याचं तेविसावं कलम पेशंटची माहिती गुप्त ठेवायला बांधून घालतं, पण उपचारासाठी इतर मानसिक आरोग्य व्यावसायिकांशी ती बोलायची मुभा देतं. म्हणजे तुमची थेरपिस्ट तुमच्याबद्दल कोणाशी तरी बोलत असेल, तर घाबरू नका. ती नीट काम करत असल्याची ती खूण असू शकते. मात्र ते बोलणं नाव-गाव वगळून व्हावं, आणि रेकॉर्डिंग होणार असेल तर आधी तुमची परवानगी घेतली जावी, एवढा आग्रह तुम्ही धरू शकता. धरमपेठेतल्या चकाचक क्लिनिकमध्ये असो की मेडिकलच्या ओपीडीत, पहिल्या भेटीत फी आणि वेळ विचारतो, तसंच सरळ विचारायला हरकत नाही: मॅडम, तुम्ही सुपरव्हिजन कोणाकडे घेता? उत्तर नावानिशी नको. 'घेते' एवढं म्हणाल्या तरी चालेल. 'त्याची मला आता गरज नाही, वीस वर्षं झाली' असं उत्तर आलं, तर तुम्ही वर वॉलफिश यांची पाहणी वाचलेली आहेच.